देवीचं तेवढं बरोबर जातं

“मॅडम, फाइल कॉपी केली, नावही बदललं, तरी मशीन हलायला तयार नाही.”

फोनवर दिनकरशेठ होते. अंबड एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे. फळांची वजनाप्रमाणे वर्गवारी करणारी मशिनं ते बनवतात. मी अशा लहान कारखान्यांच्या मशिनांचे प्रोग्रॅम लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करते. दुसऱ्या कामाला मागणी जास्त आहे.

“नाव काय बदललंत?”

“शेवटी डीएलएल होतं, तिथे एसओ केलं. लिनक्सवर एसओ लागतं असं नेटवर वाचलं.”

“शेठ, डिझेलच्या गाडीवर पेट्रोल असं लिहिलं तर ती पेट्रोलवर चालते का?”

“नाही. पण टाकी तीच, चाकं तीच,” शेठ म्हणाले. सहजासहजी हार मानणाऱ्यांतले ते नव्हेत.

झालं होतं असं. शेठच्या मशिनांवर आजवर विंडोजचे कॉम्प्युटर असायचे. आदल्या हंगामात एका गिऱ्हाईकाकडे ऐन गर्दीत विंडोजला स्वतःचं अपडेट करायची हुक्की आली. पट्ट्यावर माल, समोर ट्रक, आणि स्क्रीनवर “कृपया वाट पाहा.” त्या गिऱ्हाईकाने शेठना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हाच शेठनी ठरवलं, नव्या मशीनवर लिनक्स. ते फुकट मिळतं हे कळल्यावर तर निश्चय अगदी पक्का झाला.

आता त्या फाइलबद्दल. मशीन चालताना थरथरतं. फळ एका कपात बसून पट्ट्यावरून पुढे जातं, खालचा सेन्सर त्याचं वजन घेतो, पण त्या वजनात थरथरही मिसळलेली असते. ती गाळून खरं वजन काढायचं गणित एका प्राध्यापकांनी पूर्वी शेठना लिहून दिलं होतं. ते गणित एका फाइलमध्ये बांधलेलं होतं. अशा फाइलला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. स्क्रीनवरचा मुख्य प्रोग्रॅम वेगळा असतो. तो काम पडलं की लायब्ररीला हाक मारतो, सेन्सरचे आकडे देतो आणि खरी वजनं परत घेतो.

ही लायब्ररी विंडोजसाठी बांधलेली असली तर लिनक्सवर चालत नाही. कॉम्प्युटरच्या आतला प्रोसेसर दोन्हीकडे तोच असतो, म्हणून शेठसारख्या शहाण्या माणसांचाही गोंधळ होतो. पण फाइल कशी बांधायची, आतलं काम कुठे शोधायचं, मेमरी कोणाकडे मागायची, याची रीत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी. लिनक्स आधी फाइलचे सुरुवातीचे काही अंक तपासतं. ओळखीचे दिसले नाहीत तर दारातूनच परत पाठवतं. शेठच्या फाइलला तसंच परत पाठवलं होतं.

उपाय एकच. सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असं मूळ लिखाण, मिळवायचं आणि त्यातून लिनक्ससाठी नवी लायब्ररी बांधायची. प्राध्यापक आता मुलीकडे परदेशात असतात. त्यांनी लगेच मेल केला, वर “अजून वापरता? कमाल आहे!” असंही लिहिलं. स्क्रीनच्या प्रोग्रॅमचा सोर्स मात्र कोणाकडेच नव्हता. तो लिहिणाऱ्याने फोन उचलणं केव्हाच सोडलं होतं. सुदैवाने तो प्रोग्रॅम अशा पद्धतीचा होता, की विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर जसाच्या तसा चालतो. त्याला हात लावायचं कारण नव्हतं.

मी लायब्ररी बांधली. मशीनवर लिनक्सची जी आवृत्ती होती, नेमकी तीच घेऊन बांधली. लिनक्स ते लिनक्स असलं तरी नव्यावर बांधलेली फाइल जुन्यावर पुष्कळदा रुसून बसते. एवढी काळजी घेतली म्हणून मी स्वतःवर जरा खूशही होते.

अंबडला चाचणी झाली. चाचणी घेणारा रफिक हा शेठचा जुना फिटर. त्याची पद्धत ठरलेली. रबराचे वेगवेगळ्या वजनांचे चेंडू. एक चेंडू कपात ठेवायचा, मशीन चालवायचं, चेंडू बरोबर कप्प्यासमोर कप कलंडतो का हे उभं राहून बघायचं. मग दुसरा चेंडू. मेकॅनिकल माणसांची रीतच ती, एका वेळी एक गोष्ट तपासायची. सगळे चेंडू आपापल्या कप्प्यात पडले. शेठनी पेढे मागवले.

मशीन कळवणच्या अलीकडच्या एका गावात गेलं. डाळिंब पिकवणाऱ्या काही कुटुंबांनी तिथे एक गट केला होता. गटाच्या प्रमुख मंगलताई, चाळिशीच्या, बोलायला चटपटीत. आजवर गावातला माल व्यापाऱ्याला मिक्स जायचा. लहान-मोठं सगळं एकत्र, भाव त्याच्या मनाचा. मंगलताईंनी घरोघर फिरून या कुटुंबांना पटवलं होतं, की आपण मशिनवर वर्गवारी करू आणि मोठ्या खरेदीदाराला थेट देऊ. पहिला माल उचलायला खरेदीदाराची गाडी ज्या दिवशी संध्याकाळी यायची होती, त्याच दिवशी सकाळी शेठचा पुन्हा फोन आला.

“मॅडम, गाडीत बसा. मी घ्यायला येतोय.”

“काय झालं?”

“रफिकचा सेन्सर गेलाय.”

वणीवरून जाताना शेठ सगळ्या वाटेत, मशीन बसवायला आधीच गावात गेलेल्या रफिकला फोनवर झापत होते. पलीकडून रफिकचं एकच वाक्य, “शेठ, सेन्सर मेरा बराबर है.”

शेडमध्ये पोचलो तेव्हा मशीन बंद होतं. तोडलेल्या डाळिंबांची क्रेट्स भिंतीपर्यंत लागलेली होती. मशीनचा शेवटचा कप्पा, जिथे कुठेच न बसणारी फळं पडतात, तो भरून वाहत होता. बाकीच्या कप्प्यांतही आनंदच होता. मोठ्या मालात लिंबाएवढी फळं, लहान मालात दोन हातांत न मावणारी. बायका ते सगळं परत उपसून हाताने निवडत होत्या. पण एवढा माल संध्याकाळपर्यंत हाताने होणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

“मॅडम, आधी च्या घ्या,” मंगलताई म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

“माल किती वेळ थांबेल?”

“माल थांबल हो, मानसं नाय थांबायची.” त्यांनी मान जराशी वळवली. दारात एक वयस्क गृहस्थ हाताची घडी घालून बसले होते. मंगलताईंचे थोरले दीर. गावात त्यांना अण्णा म्हणतात. गटात ते अजून आले नव्हते. “गटाच्या मिटिंगमदी ठरलंय. आज गाडी मोकळी गेली, तर उद्यापासून परत व्यापारी. सगळे माझ्या शब्दावर आलेत मॅडम. परत कोनी येनार नाय.”

“हाई मशीन येडं शे,” अण्णा दारातून म्हणाले.

शेठ म्हणाले, “जुना विंडोजवाला कॉम्प्युटर आणू का?” पण तो त्याच अपडेटवाल्या गिऱ्हाईकाच्या मशीनवर चालू होता, आणि त्या गिऱ्हाईकाची जीभ आम्हाला ठाऊक होती.

मी रफिकला विचारलं, “सेन्सर तपासलास?”

“मॅडम, चार बार तपासला. बॉल ठेवला, बरोबर गेला. डाळिंब ठेवलं, बरोबर गेलं. मशीन चालू केलं की सगळं गडबड.” त्याचा चेहरा पडला होता. सकाळपासून येणारा-जाणारा त्यालाच बोलत होता.

“केबल?”

“बदलली.”

“पट्ट्याचा स्पीड?”

“कमी करून बघितला. हळू चालतं आणि चुकतं.”

मी म्हटलं, चला, माझ्यासमोर चालवा. रफिक बटणाकडे गेला तर मंगलताईंनी त्याला थांबवलं. मशीनशेजारी वणीच्या गडावरच्या देवीचा फोटो होता, हळदकुंकू वाहिलेला. त्यांनी क्रेटमधलं एक डाळिंब घेतलं, पदराने पुसलं, कपात ठेवलं आणि हात जोडले. ते एकटं फळ पट्ट्यावरून गेलं आणि मोठ्या कप्प्यात पडलं. त्यांनी ते उचलून फोटोसमोर ठेवलं. तिथे आधीच फळांची रास झाली होती. मग म्हणाल्या, “हां, आता सोडा माल.”

माल सोडला आणि गोंधळ सुरू. मशीन थांबवलं. मी स्क्रीनची सेटिंग्ज बघितली, वजनांच्या मर्यादा बघितल्या, सगळं ठीक. पुन्हा चालवायचं तर पुन्हा मंगलताई पुढे. पुन्हा एक डाळिंब, पुन्हा हात जोडणं.

“ताई, प्रत्येक वेळी?” शेठ वैतागले.

“मशीन थांबलं की परत देवीचं फळ. आमच्याकडं मळनीला, मोटारीला, समद्याला असंच असतं. नवं सुरू करायचं तर पयलं तिचं.”

तेही फळ अचूक पडलं. मग माल, मग गोंधळ. तिसऱ्यांदाही तेच. मंगलताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “देवीचं तेवढं बरोबर जातं बघा. आमचंच काय चुकतंय?”

मला राग येत चालला होता. अशा वेळी मी तुसडं बोलते. “ताई, बाकीचीही त्याच झाडाची आहेत,” असं म्हणाले, आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

देवीचं तेवढंच बरोबर का जातं?

त्या फळात वेगळं काहीच नव्हतं. तेच क्रेट, तेच वजन, तोच सेन्सर. वेगळं एकच, ते एकटं जात होतं. रफिकचे चेंडूही एकटेच जात होते. अंबडलाही एकेकच गेले होते. या मशीनवरून फळांची सलग रांग आज सकाळी पहिल्यांदाच गेली होती.

हे मशीन वजनं एकेक करून हिशोबात घेत नाही. रिकाम्या पट्ट्यावर पहिलं फळ आलं की तिथून सहा कपांचा एक गट धरतं. सहा कपांचे आकडे एकदम लायब्ररीला जातात, सहा खरी वजनं एकदम परत येतात. एकटं फळ नेहमीच गटातलं पहिलं असतं. म्हणजे पहिलं बरोबर येतंय आणि पुढची बिघडतायत. हे सेन्सरचं काम नव्हे. सेन्सर बिघडला तर पहिल्यालाही सोडणार नाही.

“रफिक,” मी म्हटलं, “सेन्सर तुझा बराबर है.”

त्याने शेठकडे बघितलं. शेठ छताकडे बघत होते.

मी लॅपटॉप जोडला आणि दोन ठिकाणचे आकडे बाजूबाजूला काढले. लायब्ररी काय देते ते डावीकडे, स्क्रीनचा प्रोग्रॅम काय वाचतो ते उजवीकडे. सहा डाळिंबं सोडली. डावीकडे आलं ३१०, २८५, २४०, ३३०, २६५, २९०. उजवीकडे आलं ३१०, ०, २८५, ०, २४०, ०.

मी मोठ्याने हसले. शेडमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मंगलताईंना वाटलं असेल, आता हिचंही डोकं गेलं.

“मिळालं?” शेठनी विचारलं.

“मिळालं.”

कॉम्प्युटर आकडा ठेवतो तेव्हा त्यासाठी मेमरीत काही घरं राखतो. किती घरं, हे आकड्याच्या प्रकारावर ठरतं. प्राध्यापकांनी वजनांसाठी लाँग नावाचा प्रकार वापरला होता. विंडोजवर लाँगला चार घरं मिळतात. आजच्या लिनक्सवर त्याच लाँगला आठ घरं मिळतात. सोर्स कोडमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी लिनक्ससाठी बांधल्याबरोबर लायब्ररी प्रत्येक वजन आठ घरांत ठेवायला लागली. स्क्रीनचा प्रोग्रॅम मात्र विंडोजच्या सवयीने चार-चार घरं मोजून वाचत होता. डाळिंबाचं वजन ते केवढं, ते पहिल्या चार घरांतच मावतं. पुढची चार रिकामी, म्हणजे शून्य. म्हणून पहिलं वजन बरोबर, मग शून्य, मग दुसऱ्याचं वजन तिसऱ्याच्या नावावर.

हे मंगलताईंना सांगायचं तर मी सरळ पट्ट्यावर डाळिंबं मांडली. एक फळ, एक कप रिकामा, पुन्हा एक फळ, पुन्हा एक रिकामा.

“लायब्ररी अशी ठेवते. एक सोडून एक. आणि हा स्क्रीनवाला समजतो, प्रत्येक कपात एक फळ आहे. मग दुसरा कप त्याला रिकामा दिसतो. रिकामा कप कलंडवायचा कशाला, म्हणून त्यातलं तुमचं खरं फळ थेट शेवटच्या कप्प्यात.”

त्यांनी जरा वेळ बघितलं. “मग चुकी ठेवनाऱ्याची का मोजनाऱ्याची?”

“कोणाचीच नाही. दोघांनी आधी बोलून घ्यायला पाहिजे होतं.”

“म्हंजी आमच्या भावकीसारखं,” मंगलताई म्हणाल्या. दारात अण्णा खाकरले.

दुरुस्ती लहान होती. स्क्रीनच्या प्रोग्रॅमला हात लावता येत नव्हता, मग लायब्ररीनेच जुनी रीत पाळायची. जिथे लाँग होता तिथे “चारच घरं, कुठेही गेलं तरी चारच” असं स्पष्ट बजावणारा प्रकार टाकला. तो प्रकार अशाच भांडणांसाठी केलेला आहे. सोर्स लॅपटॉपवर होता, मशीनसारखं लिनक्सही होतं. लायब्ररी नव्याने बांधली, मशीनवर चढवली. शेठ माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. त्यांना मी दोनदा बसायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा बाहेर जायला सांगितलं.

“लावू का?” रफिकने विचारलं.

“थांब,” मी म्हटलं. “ताई, तुमचं आधी.”

मंगलताईंनी फळ पुसलं, ठेवलं, हात जोडले. या वेळी मीही जोडले. ते फळ बरोबर जाणार हे मला माहीत होतं. भीती त्याच्या मागून येणाऱ्यांची होती.

रफिकने आख्खं क्रेट एकदम ओतलं. कप भरत गेले. मोठ्या कप्प्यासमोर कप कलंडले, मग मधल्या, मग लहान. टप् टप् आवाज एका लयीत यायला लागला. शेवटच्या कप्प्यात काहीच पडलं नाही. मग एक पडलं. मंगलताईंनी झडप घालून ते उचललं. ते तडकलेलं, अर्धं वाळलेलं होतं. तिथेच पडायला हवं होतं.

“चाललं!” रफिक ओरडला. आणि पुढे शेठकडे बघत, अगदी सावकाश, “सेन्सर बराबर है, शेठ.”

“हो रे बाबा, आहे,” शेठ म्हणाले. मला असं हलकं वाटलं, की मी तिथेच एक डाळिंब फोडलं आणि न विचारता खाल्लं.

बायकांनी हाताने निवडायचं सोडलं आणि भराभर बॉक्स भरायला घेतले. अण्णा मात्र दारातून हलले नाहीत.

उन्हं उतरायच्या आत गाडी आली. खरेदीदाराचा माणूस तरुण, कमी बोलणारा, हातात छोटा काटा. त्याने रचलेले बॉक्स वरचे सोडून मधून ओढून काढले. एक बॉक्स फोडला, फळं एकेक करून काट्यावर ठेवली. दुसरा फोडला. तो आकडा बघायचा आणि फळ बाजूला ठेवायचा, तोंडावरची रेषही हलत नव्हती. मंगलताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात केव्हा धरला ते मला कळलं नाही, पण बांगड्या रुतायला लागल्या तेव्हा कळलं.

तिसरा बॉक्स त्याने उघडला आणि नुसता बघून बंद केला.

“चालेल,” तो म्हणाला. “चढवा.”

बस्स, एवढंच. मंगलताई मटकन क्रेटवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून रडल्या, हसत हसत रडल्या. मलाही राहवलं नाही. आमचं असं चाललेलं असताना अण्णा दारातून उठले. धोतराचा सोगा खोचला, पहिला बॉक्स स्वतः उचलला आणि गाडीत नेऊन ठेवला. परत येताना भावजयीजवळ थांबले.

“माझ्या बागंचा माल परवा तोडतो,” ते म्हणाले. “मशिनवर नंबर लाव.”

मंगलताई डोळे पुसून उठल्या. “लावते ना,” म्हणाल्या, “पन आधी मेंबर व्हा.”

परतीच्या वाटेवर शेठ म्हणाले, “मॅडम, अंबडच्या चाचणीत आता काय बदल करायचा?”

“काही नाही,” मी म्हटलं. “रफिकला एक चेंडू ठेवायचा तर ठेवू दे. त्यानंतर बाजारातून आख्खं क्रेट आणायचं आणि एकदम ओतायचं.”

“आणि त्या डाळिंबांचं काय करायचं?”

“ती मी घरी नेईन.”

आता शेठची चाचणी तशीच होते. आमच्या घरात डाळिंब कोणी तोंडात घालत नाही.